विश्लेषण : घरगुती ऑनलाइन व्यवसाय नेमके कुठे अडखळतात?

दिवाळीचा फराळ, साड्या, मसाले, केक, हाताने घडवलेले दागिने... मोबाइलवरून घरबसल्या विक्री करणे आज सोपे झाले आहे. पण ऑर्डर वाढल्या तरी हातात पैसे का उरत नाहीत? परराज्यात पाठवलेल्या एका पार्सलमुळे जीएसटी नोंदणी का लागते? चूक नसताना बँक खाते का गोठते? सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुकांचा आणि त्या टाळण्याच्या मार्गांचा हा आढावा.

घरगुती व्यवसाय महाराष्ट्राला नवा आहे का?

मुळीच नाही. १९५९ मध्ये मुंबईतील गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून ‘लिज्जत’ उभा राहिला. त्याशिवाय पाळीने डबे देणाऱ्या, मसाले कुटून देणाऱ्या, ब्लाउज शिवणाऱ्या, दिवाळीत भाजणीच्या ऑर्डर घेणाऱ्या महिला प्रत्येक गावात आणि प्रत्येक चाळीत होत्या. हा सारा व्यवहार ओळखीवर चालत असे. गिऱ्हाईक शेजारच्या इमारतीतले असे. पैसे पुढच्या महिन्यात मिळाले तरी बुडत नसत. चकली मऊ पडली तर सांगायला ते घरी येत आणि त्याच्या बदल्यात चार लाडू घेऊन समाधानाने जात.

मोबाइलने यातली एकच गोष्ट बदलली, ती म्हणजे गिऱ्हाईक. ते आता अनोळखी आहे, दुसऱ्या शहरात किंवा दुसऱ्या राज्यात आहे. व्यवहाराची रीत मात्र बहुतेक घरांत ओळखीतलीच राहिली आहे. भाव अंदाजाने ठरतो, हिशेब डोक्यात असतो, पैसे घरखर्चाच्या खात्यात येतात आणि शब्द हेच बिल असते. पुढे सांगितलेल्या जवळजवळ सगळ्या अडचणींचे मूळ या विसंगतीत आहे. लिज्जतच्या सुरुवातीच्या काळात त्या महिलांना मार्गदर्शन करणाऱ्यांनी काटेकोर हिशेब ठेवण्याचा आग्रह धरला होता, हे या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे.

ऑर्डर भरपूर, तरी पैसे का उरत नाहीत?

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक किमतीची आहे. साहित्याचा खर्च धरला जातो, पण बाकीचे खर्च ‘घरचेच तर आहे’ म्हणून सुटतात. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. डोंबिवलीतील एक गृहिणी दीड किलो फराळाचा डबा ९०० रुपयांना, ‘घरपोच मोफत’ अशा जाहिरातीसह विकते. साहित्य ४२० रुपये, गॅस-वीज ४० रुपये, डबा आणि पॅकिंग ६० रुपये. डबा दोन किलोच्या आत आहे म्हणून कुरिअरचे १६० रुपये तिने धरले. एकूण खर्च ६८० रुपये, म्हणजे डब्यामागे २२० रुपये नफा. कागदावर धंदा चांगला दिसतो.

प्रत्यक्षात कुरिअरचे बिल वेगळे येते. हलक्या पण जागा खाणाऱ्या पार्सलसाठी कुरिअर कंपन्या खरे वजन न धरता आकारमानानुसार वजन धरतात. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करायचा आणि अनेक कंपन्यांच्या पद्धतीनुसार त्याला ५००० ने भागायचे. आलेले उत्तर म्हणजे किलोतील वजन. चिवडा आणि चकली मोडू नये म्हणून तिने ३० बाय ३० बाय २० सेंटिमीटरचे खोके घेतले. गुणाकार १८,०००, भागाकार ३.६. म्हणजे दीड किलोच्या फराळाला बिल चार किलोच्या टप्प्याचे. समजा ते ३२० रुपये झाले, तर खर्च ८४० वर जातो आणि नफा उरतो ६० रुपये. त्या डब्यामागे तिचे तीन तास गेले असतील, तर तासाला २० रुपये.

आता दहा डब्यांपैकी एकच डबा वाटेत फुटला आणि तिने सचोटीने तो बदलून दिला असे धरा. दहा डब्यांचा नफा ६०० रुपये, बदली डब्याचा खर्च ८४० रुपये. दहा डबे करून, तीस तास राबून हाती येतो २४० रुपयांचा तोटा. ऑर्डर वाढल्या की हा तोटाही त्याच वेगाने वाढतो. दिवाळी संपल्यावर ‘एवढे केले, पण हाती काही लागले नाही’ असे वाटते ते यामुळे.

यावरचा उपाय सोपा आहे. किंमत ठरवताना साहित्याबरोबर गॅस, वीज, पॅकिंग, आकारमानानुसार कुरिअर, फुटतूट आणि परतीचा वाटा, बाजारमंचाचे कमिशन आणि आपल्या तासांची मजुरी या प्रत्येकाची वेगळी ओळ लिहावी. खोके निवडण्याआधी ते मोजावे. या उदाहरणात खोक्याची उंची २० ऐवजी १५ सेंटिमीटर केली, तर वजन ३.६ वरून २.७ किलोवर येते. बाजारातल्या मोठ्या कंपनीचा भाव पाहून आपला भाव ठरवू नये. ती कंपनी पोहे पोत्याने घेते, आपण पाच किलोने घेतो.

माल पोहोचल्यावर पैसे घेण्याच्या पद्धतीतही हाच धोका आहे. ग्राहकाने दारात नकार दिला तर जाण्याचा आणि परत येण्याचा असा दोन्ही वेळचा खर्च विक्रेत्यावर पडतो, आणि खाद्यपदार्थ असेल तर परत आलेला माल पुन्हा विकताही येत नाही. म्हणून मागणीनुसार बनणाऱ्या वस्तूसाठी किमान निम्मी रक्कम आगाऊ घेणे हा उद्धटपणा समजू नये.

पैसे ‘आले’ हे कशावरून समजायचे?

खात्यात जमा दिसल्यावरून, स्क्रीनशॉटवरून नव्हे. पैसे पाठवल्याचा बनावट स्क्रीनशॉट तयार करून देणारी ॲप आहेत. बँकेचा संदेश वाटावा असा एसएमएस साध्या मोबाइल क्रमांकावरूनही पाठवता येतो. ‘चुकून जास्त रक्कम गेली, फरक परत करा’ हा फोन त्या बनावट संदेशापाठोपाठ येतो. विक्रेती ऑर्डरच्या घाईत असते आणि आपल्याच खिशातून ‘फरक’ परत करते.

दुसरा प्रकार मोठ्या ऑर्डरचा आहे. समोरची व्यक्ती आपण लष्करात किंवा निमलष्करी दलात असल्याचे सांगते, ओळखपत्राचा फोटो पाठवते, एकदम पन्नास डब्यांची ऑर्डर देते. भाव करत नाही. मग ‘आमच्याकडे पैसे देण्याची पद्धत वेगळी आहे’ असे सांगून क्यूआर कोड पाठवते आणि तो स्कॅन करून पिन टाकायला सांगते. पिन टाकताच पैसे येण्याऐवजी जातात. नियम एकच आहे : यूपीआयमध्ये पैसे मिळवण्यासाठी पिन कधीही लागत नाही आणि कोड स्कॅनही करावा लागत नाही. पिन मागितला गेला म्हणजे आपल्या खात्यातून रक्कम जाणार आहे.

‘ऑर्डरची यादी’ किंवा ‘पार्सलची पावती’ म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल उघडणे हा तिसरा सापळा. ती फाइल म्हणजे फोनमध्ये शिरणारे ॲप असते आणि ते ओटीपी वाचू शकते. ऑर्डरची यादी साध्या मजकुरात येते. त्यासाठी काही इन्स्टॉल करावे लागत नाही. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प बसण्यात वेळ घालवू नये. १९३० या हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लगेच तक्रार करावी. रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधी थोपवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते.

आपली चूक नसताना खाते कसे गोठते?

ही अडचण अनेकांना ठाऊक नसते आणि म्हणूनच ती सर्वांत भयंकर वाटते. कुठल्या तरी शहरात कोणाची तरी फसवणूक होते. तो पैसा एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात जातो. त्या साखळीतल्या कोणी तुमच्याकडून दोन हजारांची साडी घेतली, तर त्या पैशांची खूण तुमच्या खात्यापर्यंत पोहोचते. पीडिताने तक्रार केल्यावर पोलीस यंत्रणेच्या सूचनेवरून बँका साखळीतील खात्यांवर निर्बंध आणतात. कधी संशयित रकमेपुरता, तर कधी पूर्ण खात्यावर.

घरगुती विक्रेत्याकडे बहुधा एकच बचत खाते असते. त्यातच पगार, त्यातच शाळेची फी, त्यातच घराचा हप्ता आणि त्यातच साड्यांचे पैसे. ते गोठले की सगळे घर थांबते. शिवाय ‘हे पैसे साडीचे होते’ हे दाखवायला बिल नसते.

म्हणून व्यवसायाचे खाते पहिल्या दिवसापासून वेगळे असावे. प्रत्येक विक्रीचे क्रमांक घातलेले बिल, पार्सलची पावती आणि ग्राहकाशी झालेला संवाद जपून ठेवावा. ऑर्डर एकाची आणि पैसे तिसऱ्याच नावाने आले, तर कारण विचारावे. निर्बंध आलाच, तर बँकेकडून तक्रारीचा क्रमांक, संबंधित पोलीस ठाणे आणि रक्कम लेखी मागून घ्यावी आणि बिलांसह त्या तपास अधिकाऱ्याला लेखी कळवावे. ‘खाते सोडवून देतो’ म्हणून पैसे मागणारे मध्यस्थ हा पुन्हा एक वेगळा सापळा आहे.

जीएसटीची मर्यादा ४० लाख, मग भीती कशाची?

महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्यांसाठी वार्षिक ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण या वाक्याला जोडलेल्या अटी ठाऊक नसतात.

पहिली अट राज्याच्या सीमेची. करपात्र वस्तू दुसऱ्या राज्यात विकली, तर उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी आवश्यक ठरते. डोंबिवलीतून पुण्याला पाठवलेला फराळाचा डबा सवलतीत बसतो. तोच डबा बेंगळूरु किंवा हैदराबादच्या मराठी कुटुंबाला विकला की बसत नाही. ठरावीक हस्तकला वस्तूंच्या कारागिरांना २० लाखांपर्यंत काही अटींवर सूट आहे. चिवडा-चकली त्यात येत नाही. कमी कागदपत्रांची ‘कंपोझिशन’ योजनाही इथे उपयोगी पडत नाही, कारण ती घेतल्यास परराज्यात माल विकता येत नाही.

दुसरी अट बाजारमंचांची. मोठ्या ई-कॉमर्स संकेतस्थळांवरून माल विकायचा तर पूर्वी पहिल्या रुपयापासून नोंदणी लागत असे. १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेखालील विक्रेत्यांना यातून सवलत मिळाली. पण ती राज्यांतर्गत विक्रीपुरतीच, आणि त्यासाठी जीएसटी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो.

तिसरी गोष्ट म्हणजे उलाढाल आणि नफा यांतील गल्लत. ‘माझे उत्पन्न जेमतेम लाखभर आहे’ हे खरे असू शकते, पण मर्यादा मोजताना एकूण विक्री धरली जाते, आणि ती पॅननुसार धरली जाते. एकाच व्यक्तीच्या नावावर साड्यांचे एक पेज आणि मसाल्यांचे दुसरे पेज असेल, तर दोन्हींची विक्री एकत्र मोजली जाते.

ही चिंता कागदी नाही. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर विभागाने यूपीआय व्यवहारांच्या आधारे छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा पाठवल्या, तेव्हा बेंगळूरुमध्ये अनेक दुकानदारांनी क्यूआर कोड काढून ठेवले आणि रोख रकमेचा आग्रह धरला. ज्यांच्या खात्यात घरच्यांकडून आलेले पैसे, उसनवारी आणि विक्री एकत्र मिसळलेली असते, त्यांना यातली विक्री किती हे सिद्ध करणे अवघड जाते. वेगळे खाते या कारणासाठीही हवे.

प्राप्तिकराचा प्रश्न त्यापेक्षा सोपा आहे. छोट्या व्यावसायिकांसाठी गृहीत उत्पन्नाची योजना आहे. त्यात डिजिटल मार्गाने आलेल्या विक्रीच्या किमान ६ टक्के आणि रोखीच्या ८ टक्के रक्कम नफा म्हणून दाखवून विवरणपत्र भरता येते. सविस्तर खातेवह्या ठेवण्याची सक्ती नसते. कर लागत नसला तरी विवरणपत्र भरण्याचा फायदा काय, ते पुढे येईल.

‘घरगुती’ म्हटले की परवाने लागत नाहीत का?

लागतात. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ नुसार खाद्यपदार्थ विकणाऱ्या प्रत्येकाला उलाढालीनुसार एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो. स्वयंपाकघर घरातले आहे, म्हणून सुटका नाही. सर्वांत लहान गटाच्या नोंदणीचे शुल्क वर्षाला १०० रुपये इतके कमी ठेवले गेले आहे, त्यामुळे खर्च हा अडसर नाही. नोंदणीचा १४ आकडी क्रमांक पाकिटावर असावा.

पाकिटाचीही एक भाषा असते. प्लास्टिकच्या पिशवीला रबर लावून दिलेला चिवडा शेजारणीला चालतो. आधीच बंद करून विकायला ठेवलेल्या पाकिटावर मात्र पदार्थाचे नाव, घटक, शाकाहारी-मांसाहारी चिन्ह, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खावे, एमआरपी, बनवणाऱ्याचे नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. शेंगदाणे, तीळ, दूध, गहू यांची ॲलर्जी असलेल्या ग्राहकासाठी घटकांची ती एक ओळ जिवाची असते.

दोन गोष्टी घरातल्याच आहेत, म्हणून नजरेतून सुटतात. घरगुती वापराचा १४.२ किलोचा अनुदानित किंवा विनाअनुदानित सिलिंडर व्यवसायासाठी वापरता येत नाही. त्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर आहे. किंमत ठरवताना गॅसचा खर्च त्याच दराने धरायला हवा. दुसरी वीज. घराच्या काही भागात व्यवसाय करणाऱ्यांना महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि आधीच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटपर्यंत वापर असेल तर घरगुती दर लागू ठेवण्याची तरतूद महावितरणच्या दर आदेशांत राहिली आहे. मोठा ओव्हन किंवा डीप फ्रीझर घेण्याआधी आपले बिल आणि चालू दर आदेश तपासलेला बरा. गृहनिर्माण सोसायटीशीही आधी बोलावे. रात्री अकराला कुरिअरवाले जिन्यात उभे राहू लागले की चांगले शेजारी तक्रारदार होतात.

नोंदणीच्या नावाखालीही फसवणूक होते. लघुउद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी आणि जीएसटी नोंदणी या दोन्हींसाठी सरकारी शुल्क नाही. सरकारी वाटावे असे नाव आणि बोधचिन्ह वापरून हजार-दोन हजार रुपये घेणारी खासगी संकेतस्थळे शोधनिकालांत वर दिसतात. मदतीसाठी पैसे द्यायला हरकत नाही. पण ते शुल्क सरकारचे नव्हे, मध्यस्थाचे आहे हे कळून द्यावेत.

‘माल परत घेतला जाणार नाही’ असे लिहिले की झाले?

इन्स्टाग्राम पेजवर हे वाक्य सर्रास दिसते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मात्र सदोष माल बिलावर नमूद केलेल्या मुदतीत, आणि मुदत नमूद नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानतो. बिल न देणे हीदेखील याच यादीत येते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार बाजारमंचावरील विक्रेत्याला स्वतःच ग्राहक असल्याचे भासवून आपल्या वस्तूचे कौतुक लिहिता येत नाही. मैत्रिणींकडून पंचवीस खोटे अभिप्राय लिहून घेणे हा निरुपद्रवी प्रकार नाही, तो याच वाटेने जातो.

या कायद्यात आणखी एक तरतूद आहे, जिचा घरगुती विक्रेत्याने गंभीरपणे विचार करावा. ग्राहकाला तो जिथे राहतो तिथल्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. नागपूरच्या ग्राहकाची तक्रार असेल, तर डोंबिवलीच्या विक्रेतीला नागपूरला उत्तर द्यावे लागेल. तीनशे रुपयांवरून हट्ट धरण्याआधी प्रवासखर्चाचा हिशेब करावा.

म्हणून परतीचा नियम चार ओळींत, ऑर्डर घेण्याआधीच सांगावा : काय परत घेऊ, किती दिवसांत, पुरावा काय हवा आणि कुरिअरचा खर्च कोणाचा. पार्सल बंद करताना अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढण्याची सवय अनेक वाद टाळते. साडीचा फोटो दुसऱ्याच्या पेजवरून उचलू नये; रंग वेगळा निघाला की दोष आपला, आणि फोटो ज्याचा त्याची तक्रार आली की पेजही जाते.

वेळेचे वचनही जपून द्यावे. २०२५ मध्ये अमेरिकेने कमी किमतीच्या पार्सलवरील शुल्कसवलत काढल्यानंतर भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून तिकडची बहुतांश पार्सलसेवा थांबवली आणि ती १५ ऑक्टोबरला, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर, पुन्हा सुरू झाली. न्यू जर्सीतील लेकाला आईने पाठवलेला डबा आणि ग्राहकाला विकलेला डबा यांचे नियमही एक नसतात. ‘दिवाळीपर्यंत नक्की पोहोचेल’ असे म्हणण्यापेक्षा ‘या तारखेला पाठवू’ म्हणणे प्रामाणिक ठरते.

पेज आपले असते का?

नाही. ते भाड्याच्या जागेसारखे असते, आणि घरमालक नोटीस न देता कुलूप लावू शकतो. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली, तेव्हा त्यावर गिऱ्हाईक जमवलेल्यांचे सारे अनुयायी एका रात्रीत गेले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद पडले. खाते हॅक होणे किंवा तक्रारींमुळे बंद होणे हे तर रोजचेच.

त्यावर तीन साध्या गोष्टी करता येतात. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करावे आणि ओटीपी ‘निळी टिक मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला देऊ नये. व्यवसायासाठी वेगळा क्रमांक ठेवावा. आणि ग्राहकांची नावे, क्रमांक, गाव आणि मागील ऑर्डर यांची यादी वहीत किंवा एक्सेल फाइलमध्ये महिन्यातून एकदा उतरवावी, ग्राहकांच्या संमतीने आणि ती इतरांना न देता. व्यवसायाची खरी मालमत्ता ती वही आहे, अनुयायांचा आकडा नव्हे.

व्यवसाय नेमका कोणाच्या नावावर?

हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. अनेक घरांत भाजणी भाजणारी, शिवणारी, रात्री बारापर्यंत ग्राहकांना उत्तरे देणारी स्त्री असते. पण यूपीआय पतीचे, खाते पतीचे, पॅनही पतीचे. सोय म्हणून सुरू झालेली ही व्यवस्था पाच वर्षांनी तिचे मोठे नुकसान करते. तिने लाखोंची विक्री केलेली असते आणि तिच्या नावावर मात्र एक रुपयाचे उत्पन्न नसते. बँकेत कर्ज मागायला गेली, तर दाखवायला काही नसते. ‘मुद्रा’ योजनेत ५० हजारांपर्यंतचे ‘शिशु’ कर्ज अशा व्यवसायांसाठीच आहे. पण त्यानंतरच्या प्रत्येक मोठ्या कर्जासाठी बँक व्यवहार, विवरणपत्र आणि नोंदणी पाहते. विवरणपत्राचा फायदा हा. कर शून्य असला तरी ते तिच्या कमाईचा कागद असते.

वेळेचेही तसेच आहे. दुकानाला शटर असते, फोनला नसते. घरी आहे म्हणून ती मोकळीच आहे, असे घरातले आणि ग्राहक दोघेही धरून चालतात. ऑर्डर घेण्याची वेळ, सुट्टीचा वार आणि आठवड्याला जास्तीत जास्त किती ऑर्डर, हे जाहीर केल्याने ग्राहक तुटत नाहीत. उलट, व्यवसाय गंभीरपणे चालतो याची खूण त्यांना पटते.

सुरुवात कुठून करावी?

आधीच व्यवसाय सुरू असेल तरी उशीर झालेला नाही. या आठवड्यात वेगळे खाते उघडावे, ते काम करणाऱ्या व्यक्तीच्याच नावावर. गेल्या दहा ऑर्डरचा खरा खर्च कागदावर मांडावा आणि भाव तपासावा. पुढच्या विक्रीपासून बिल क्रमांक १ सुरू करावे. खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआय नोंदणी आणि लेबल आधी. परराज्यातून मागणी येत असेल, तर कर सल्लागाराकडे एक तास घालवावा. नोटीस आल्यावर लागणाऱ्या वेळेपेक्षा तो स्वस्त पडतो.

सगळा भार मात्र तिच्यावर टाकून चालणार नाही. सेवा देणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला परराज्यात काम करूनही २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणीतून सूट आहे. घरी बसून दुसऱ्या राज्यातल्या कंपनीसाठी बोधचिन्ह बनवणारा डिझायनर त्यामुळे मोकळा आहे आणि त्याच इमारतीतून त्याच राज्यात चिवड्याचे एक पाकीट विकणारी बाई नाही. या भेदाचे समर्थन करणे कठीण आहे. वस्तू विकणाऱ्या छोट्यांनाही आंतरराज्य विक्रीसाठी तेवढीच मर्यादा मिळायला हवी. एफएसएसएआय, उद्यम, जीएसटी आणि विजेचे नियम एका पानावर, सोप्या मराठीत, वॉर्ड कार्यालयात आणि महिला बचत गटांच्या बैठकीत मिळायला हवेत. आज ते चार पोर्टलवर, बहुतांशी इंग्रजीत विखुरलेले आहेत, आणि त्या विखुरलेपणावर मध्यस्थांचे पोट भरते.

तोवर हिशेबाची वही हाच आधार आहे. खाते गोठले तर तीच पुरावा, नोटीस आली तर तीच उत्तर, आणि कर्ज हवे असेल तर तीच पत.